श्रवणसाधनांची परिभाषा : हेडफोनच्या शौकिनांच्या निवेदनांची एक समीक्षा

१

हेडफोनच्या शौकिनांमध्ये एक विशिष्ट प्रकारचे निवेदन आता चांगलेच रूढ झाले आहे. सध्या आपण कोणत्या साधनांनी ऐकतो आणि सध्या काय ऐकतो, हे दोन प्रश्न गृहीत धरून प्रत्येक जण आपली हकिगत सांगतो. या हकिगतीचे तीन भाग असतात. पहिल्या भागात साधनांची साखळी येते : ध्वनी कोठून निघतो, अंकरूपातून विद्युत्‌रूपात कशाने येतो, प्रवर्धक कोणता आणि शेवटी कानावरचे यंत्र कोणते. दुसऱ्या भागात त्या यंत्राच्या ध्वनीचे वर्णन असते आणि ते बहुतांशी विशेषणांनी केलेले असते. तिसऱ्या भागात आवडत्या संगीताची यादी येते. हे निवेदन वरवर पाहता एका हौसेची नोंदवही वाटते. पण भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करावे असे ते नाही. ऐकणे हा अनुभव सर्वस्वी खाजगी असतो. तो शब्दांनी दुसऱ्यापर्यंत पोचवता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या अटीवर, हा भाषाविचारातील एक जुना प्रश्न या निवेदनांत रोजच्या रोज सोडवला जात आहे, किंवा सुटल्यासारखा भासवला जात आहे.

या साधनाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. नॅथॅनिएल बॉल्डविन याने १९१० च्या सुमारास यूटामधील आपल्या घराच्या स्वयंपाकघरात तयार केलेले हेडफोन अमेरिकन आरमाराने घेतले, ते संदेश ऐकण्यासाठी. तेव्हा हे काम करणाऱ्याचे उपकरण होते, रसिकाचे नव्हते. १९५८ मध्ये मिलवॉकी येथील जॉन कॉस याने स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन पुढे आणला. १९६८ मध्ये जर्मनीतील सेनहायझर कंपनीने ‘एचडी ४१४’ हे मागून उघडे असलेले यंत्र काढले आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनने संगीत रस्त्यावर नेले. कामाचे साधन रसास्वादाचे साधन झाले, आणि त्याबरोबर त्याच्या वर्णनाची गरजही निर्माण झाली. तारायंत्रावर बसणाऱ्याला संदेश कळला की पुरे होते. रसिकाला मात्र तो कसा ऐकू आला हे सांगावेसे वाटते.

२

या वर्णनाची परिभाषा मुख्यतः इंग्रजीत घडली. जे. गॉर्डन होल्ट याने १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक सुरू केले. यंत्राची परीक्षा केवळ मोजमापाने न करता ऐकून करावी, हा त्याचा आग्रह होता. पुढे त्याने या परिभाषेचा कोशही केला. उबदार, उजळ, काळसर, कोरडा, जाड, पातळ, हवेशीर, अशी ही विशेषणे आहेत. शिवाय ‘मंच’ हे एक नामही आहे : वादक आपल्यासमोर जणू जागोजागी बसलेले आहेत, असा जो भास होतो, त्याला हे नाव आहे.

यांपैकी जवळजवळ एकही शब्द मुळात ध्वनीचा नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ऊब व कोरडेपणा हे स्पर्शाचे आणि उजेड व काळोख हे दृष्टीचे विषय आहेत. स्टीफन उलमान याने आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात १९५७ मध्ये दाखवले की, एका इंद्रियाचा शब्द दुसऱ्या इंद्रियाच्या अनुभवास लावला जातो तेव्हा हे स्थलांतर स्वैर नसते. ते बहुधा स्पर्शादी खालच्या इंद्रियांकडून वरच्या इंद्रियांकडे होते. उसने देण्यात स्पर्श सर्वांत पुढे असतो आणि उसने घेण्यात ध्वनी. १९७६ मध्ये जोसेफ विल्यम्स याने इंग्रजी विशेषणांच्या ऐतिहासिक अर्थांतरांतही अशीच दिशा दाखवून दिली. म्हणजे हेडफोनच्या शौकिनांनी काही विपरीत केले आहे असे नाही. ध्वनीसाठी इतरांच्या दारी जाणे ही भाषेची जुनीच रीत आहे.

मराठीतही तिचे पुरावे हवे तेवढे आहेत. ‘गोड गळा’ या प्रयोगात चव ध्वनीकडे आली आहे. ‘मधुर’ या शब्दातील मध आता कोणाच्या जिभेवर येत नाही. संस्कृतात ‘कर्कश’ म्हणजे हाताला खरखरीत, कठीण लागणारे. मराठीत मात्र हा शब्द कानाच्या इतका मालकीचा झाला आहे की दगडाला कर्कश म्हटल्यास ऐकणारा बुचकळ्यात पडेल. कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम या पारिभाषिक संज्ञांचेही तेच. तेव्हा हे शब्द रूपकात्मक आहेत, म्हणून ते निरर्थक आहेत, हा जो आक्षेप अभियंत्यांकडून घेतला जातो, तो टिकण्याजोगा नाही. रूपक असणे हा दोष नव्हे. पाहावयाचे ते एवढेच की, रूपकाचा अर्थ कशाने बांधला गेला आहे.

काही शब्दांचा अर्थ पुरेसा बांधलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. सर्वसाधारणपणे शंभर ते तीनशे हर्ट्‌झच्या आसपासचा भाग थोडा भरलेला असला तर ध्वनी उबदार म्हटला जातो, आणि वरच्या काही हजार हर्ट्‌झचा भाग चढा असला तर उजळ. सर्वांत नेमका शब्द मात्र ध्वनिविचारातून घेतलेला आहे : ऊष्मवर्णांचा अतिरेक. गाणाऱ्याच्या ‘स’काराने कानाला टोचावे, एवढाच त्याचा अर्थ. दंत्य ‘स’ची शक्ती प्रायः चार हजार हर्ट्‌झच्या वर एकवटलेली असते, तर ‘श’ची त्याखालीच सुरू होते. जुन्या दूरध्वनीची वाट सुमारे तीनशे ते तीन हजार चारशे हर्ट्‌झपर्यंतच होती. त्यामुळे तेथे ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद पुसट होई. मराठी श्रोत्याला तर आणखी एक कसोटी जन्मतःच मिळालेली आहे. ‘चार’मधील तालव्य ‘च’ आणि ‘चाक’मधील दंततालव्य ‘च’ यांचे अंतर त्यांच्या घर्षणांशात, याच वरच्या प्रदेशात, पुष्कळसे राहते. एखाद्या यंत्राने हा प्रदेश दाबला तर हा भेद मंदावतो, आणि अवास्तव उचलला तर दोन्ही ‘च’ सारखेच बोचू लागतात. असे असूनही मराठी शौकीन आपल्या कानात असलेली ही कसोटी सोडून उसन्या विशेषणांनीच यंत्राचे वर्णन करतो, हे नवल आहे.

३

ध्वनीच्या गुणदोषांची यादी करण्याचा खटाटोप आधुनिक यंत्रयुगातच झाला, असा समज असल्यास तो चुकीचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’च्या प्रकीर्णकाध्यायात गायकाच्या आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्र असे चार प्रकार सांगितले. पहिल्या तिहींचा संबंध त्याने अनुक्रमे कफ, पित्त आणि वात यांच्याशी जोडला. आवाजाचे पंधरा गुण त्याने मोजले. त्यांत मधुर आहे, कोमल आहे, घन आहे, स्निग्ध आहे आणि छविमान, म्हणजे कांतियुक्त, हाही आहे. चव, स्पर्श, घनता, कांती या सर्वांचे उसने येथेही घेतलेले आहे. होल्टच्या कोशातील उजळ ध्वनी आणि देवगिरीचा छविमान शब्द यांची जात एकच आहे.

तथापि एक फरक आहे, आणि या विवेचनाचा सारा भार त्याच्यावरच आहे. आपल्याकडील ही परिभाषा व्यवहाराने धरून ठेवलेली होती. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी खुली आहे की बंद, हे सांगतो तेव्हा तो घोडीला कानस लावून किंवा तारेखालचा दोरा केसभर सरकवून ते करूनही दाखवतो. शब्द उच्चारला, दोरा सरकवला आणि ध्वनी बदलला, या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याच्या समक्ष घडतात. तालमीत गुरू ‘तान दाणेदार हवी’ म्हणतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. तो तशी तान घेतो, शिष्याची ऐकतो आणि मान हलवतो किंवा हलवत नाही. डग्ग्याचा घुमारा, आवाजाची गोलाई, कणसूर, चिरका, भरदार या शब्दांना अर्थ आला तो कोशातून नव्हे, अशा असंख्य समक्ष दुरुस्त्यांतून. शब्द चुकीचा वापरणाऱ्यास तेथल्या तेथे चूक दाखवणारा कोणीतरी हजर होता.

हेडफोनच्या बाबतीत असा साक्षीदार नसतो. यंत्र एकाच कानावर वाजते. शिवाय कानाच्या पाळीची ठेवण आणि कर्णनलिकेची लांबी माणसागणिक वेगळी असल्याने तेच यंत्र दोघांच्या पडद्यापाशी, विशेषतः वरच्या सप्तकांत, तंतोतंत सारखे वाजत नाही. अशा स्थितीत एकाने ‘उजळ’ म्हणावे आणि दुसऱ्याने ‘काळसर’ म्हणावे, यात कोणीही खोटे बोलत नसेल. ‘मंच’ या शब्दाची अवस्था तर अधिकच नाजूक आहे. बहुतेक ध्वनिमुद्रणे समोर ठेवलेल्या दोन ध्वनिक्षेपकांसाठी केलेली असतात. तीच हेडफोनमधून ऐकली असता नाद बहुधा दोन कानांच्या मध्ये, डोक्यातच, उमटतो. नसलेल्या जागेचे क्षेत्रफळ सांगण्याचा हा प्रकार आहे.

या अनिश्चिततेचा लाभ कोणाला होतो हे सांगावयास नको. येरून ब्रेबार्ट याने २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांची तुलना केली. त्यात कंप्रतेनुसार मिळणारा प्रतिसाद आणि किरकोळ विक्रीची किंमत यांच्यात संबंध आढळला नाही. प्रतिसाद म्हणजे सर्व काही नव्हे, बांधणी व कानावरचा सुखदपणा यांनाही मोल असते, हे खरे. पण जेथे कान निश्चयाने सांगू शकत नाही आणि शब्द बांधलेला नाही, तेथे किंमतच विशेषणाचा अर्थ ठरवू लागते, हा धोका त्यावरून स्पष्ट होतो.

४

मग ही निवेदने टाकाऊ समजावीत काय? तसे नाही. त्यांचा तिसरा भाग, म्हणजे संगीताची यादी, सामान्यतः शोभेचा मानला जातो. वस्तुतः या प्रकाराचा प्राण तोच आहे. ‘या यंत्राचा खर्ज घट्ट आहे’ या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याला पडताळता येत नाही. पण ‘अमक्या ध्वनिमुद्रिकेत समेनंतर डग्ग्याचा घुमारा पुढच्या बोलावर पसरत नाही, तो आधीच संपतो’ असे म्हटले की दुसरा ती मुद्रिका लावू शकतो, तीच जागा ऐकू शकतो आणि मान हलवू शकतो किंवा नाकारू शकतो. तालमीत गुरू जे करी, ते येथे समाईक ध्वनिमुद्रण करते. शब्दाला बोट दाखवण्यासारखी वस्तू मिळते. म्हणून या निवेदनांच्या समीक्षेचा निकष असा ठेवता येईल : ज्यात विशेषण संगीतातील एका निश्चित जागेशी बांधलेले आहे ते निवेदन अर्थपूर्ण आणि ज्यात विशेषणे नुसती एकमेकांशी बांधलेली आहेत ते पोकळ. शार्ङ्गदेवाने बोंबक आवाज निःसार म्हटला आहे. तो दोष वर्णनालाही लागू शकतो.

परंतु या निकषालाही एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. यंत्र पारखण्यासाठी संगीत वापरू लागले की हळूहळू यंत्राला शोभेल तेच संगीत निवडले जाते. शौकिनांच्या याद्यांत स्टीली डॅनची ‘एजा’ (१९७७) आणि डायर स्ट्रेट्‌सची ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) यांसारख्या निर्मळ मुद्रिका पुनःपुन्हा येतात, याचे कारण त्यांतील काव्य किंवा रचना एवढेच नव्हे. त्या यंत्राचे कौतुक करतात, हेही आहे. या मापाने १९३७ मध्ये निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांना काय स्थान राहील? त्यांच्यात खरखर आहे, वरचा प्रदेश तोकडा आहे आणि ‘मंच’ तर मुळीच नाही. पारदर्शक म्हणून नावाजलेले यंत्र त्यांची खरखरच अधिक निष्ठेने ऐकवील. साधनाची परिभाषा संगीताची परिभाषा होऊन बसली, तर हा आवाज ‘वाईट ध्वनी’ या सदरात जाईल आणि एका पिढीच्या कानावरून निघून जाईल. आणि सूर लावण्याची त्यांची रीत, तिचा हळुवारपणा, ज्याला त्या तोकड्या पट्ट्यातही काही बाधा आली नाही, तो कोणत्या विशेषणाने सांगावयाचा, हा प्रश्न या परिभाषेत उपस्थितच होणार नाही.

५

तात्पर्य, मराठीत या विषयावर बोलू इच्छिणाऱ्यापुढे दोन वाटा आहेत. इंग्रजी विशेषणांची भाषांतरे करावीत, ही पहिली. ती सोपी आहे, पण ‘उबदार ध्वनी’ म्हटल्याने गोधडीची आठवण होते, खर्जाची होतेच असे नाही. दुसरी वाट अशी की, भरदार, चिरका, घोगरा, नितळ, खणखणीत, घुमारा हे जे शब्द माणसाच्या आवाजावर आणि वाद्यावर घासून आधीच गुळगुळीत झालेले आहेत, ते वापरावेत आणि प्रत्येक वेळी ऐकण्याची जागा सांगावी. मात्र जवारी तंबोऱ्याची असते, हेडफोनची नव्हे, हे भान सुटता कामा नये. जुना शब्द नव्या वस्तूला लावताना त्याच्या मागचा व्यवहार गळून पडला, तर तोही उसन्याइतकाच सैल होईल.

कानाला झाकणाऱ्या या यंत्राने श्रोत्याला एकटे केले, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मैफलीतली दाद शेजाऱ्याला ऐकू जात असे, ही मात्र कोणाला ऐकू जात नाही. आपण काय ऐकतो हे इतरांस सांगण्याची ही धडपड त्या एकटेपणावरचाच उपाय आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दादेचे शब्द फारसे नसतात, पण ती नेमक्या जागी येते. शौकिनांच्या निवेदनांनी दादेकडून घ्यावयाचे ते एवढेच.