पोलादी सायकल आणि सदोष तुलना

जुनी पोलादी सायकल भली की आजची हलकी, हा वाद शिक्षकांच्या खोलीतही रंगतो. एक पक्ष म्हणतो, पोलाद खड्डे गिळते. दुसरा म्हणतो, ॲल्युमिनियम हलके, म्हणून वेगवान. आमच्या मते दोघांचीही तुलना करण्याची रीतच सदोष आहे. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, असे आपण वर्गात शिकवतो. इथे मात्र धातू, टायर, गिअर, बसण्याची ढब असे सारेच एकदम बदलते आणि श्रेय जाते एकट्या धातूला.

सायकलवर तासाभरात कापलेल्या अंतराचा विक्रम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९७२ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. त्याची सायकल पोलादी, वजन सुमारे पावणेसहा किलो! (ब्रेक नाहीत, गिअर नाहीत, हे खरे. तरीही शर्यतीच्या सायकलींसाठी २००० साली लागू झालेली किमान मर्यादा ६.८ किलोची आहे.) १९९६ साली इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने मँचेस्टर येथे कार्बनतंतूंच्या सायकलवर, हात पुढे ताणून, ५६.३७५ किलोमीटरची मजल मारली. पुढे जुन्या घडणीच्या सायकलीचे बंधन आले: गोल नळ्या, तारांची चाके, खाली वळलेले हँडल. २००० साली त्याच मँचेस्टरला तोच बोर्डमन ४९.४४१ किलोमीटर गेला, म्हणजे मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर पुढे.

हवेच्या रोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दोन वेगांचे गुणोत्तर १.१४, त्याचा घन सुमारे १.४८. म्हणजे २००० सालच्या ढबीत १९९६ सालचा वेग गाठायला जवळजवळ दीडपट शक्ती हवी. चार वर्षांनी वाढलेले वय जमेस धरले, तरी या फरकातला मोठा वाटा हवेला अडणाऱ्या शरीराचा आहे, नळीच्या धातूचा नव्हे.

मग वजनाचे काय? ६० किलोच्या स्वाराची २० किलोची सायकल १० किलोची झाली, तर चढावर उचलायचे एकूण वजन ८० वरून ७० किलोवर येते. श्रमांत एक अष्टमांश बचत. चढावर ती नक्की जाणवते. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात तिचा लाभ थोडाच. शिवाय त्या २० किलोंत मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर आणि स्टँडही आलेच.

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश, पण यंगचा गुणांकही तितकाच कमी. नुसता धातू बदलून ताठरता फुकट मिळत नाही. नळीचा व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर वजन तेच राहून ताठरता चौपट होते. पोलादाची नळी इतकी पातळ केली तर ती डब्याच्या पत्र्यासारखी चेपेल, म्हणून जाड नळ्या ॲल्युमिनियमलाच परवडतात. मुलांना एकाच मापाच्या कागदाच्या अरुंद आणि रुंद सुरळ्या करून वाकवायला द्याव्यात. खड्ड्यांचे म्हणाल, तर त्रिकोणांनी बांधलेली चौकट उभ्या दिशेत फारच थोडी लवते. धक्का खातात ते रुंद टायर आणि सीटखालच्या स्प्रिंगा.

पोलादाचा खरा गुण या वादात क्वचितच ऐकू येतो. ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी पोलाद सहसा थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. आणि तडकलेली साधी पोलादी चौकट गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो.