उपग्रहाला नागली दिसते का?

मागच्या वेळी आपण मोबाईलमधलं रेकॉर्डिंग कोर्टात कसं टिकतं किंवा कसं पडतं, ते पाहिलं. आज जव्हार-मोखाड्याच्या डोंगरावर जाऊ. इथे वादाचा विषय आहे जमीन, आणि डिजिटल पुरावा म्हणजे आकाशातून काढलेला फोटो.

वनहक्क कायदा २००६ चा. वैयक्तिक दाव्यात आदिवासी कुटुंबाला दाखवावं लागतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही वनजमीन आम्ही कसतो. कशाने दाखवायचं? सातबारा वनखात्याचा. एकसाली प्लॉटची जुनी पावती किंवा दंडाची पावती असली तर असली, नाहीतर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब. नियम १३ मध्ये हा जबाब लेखी पुरावा म्हणून धरला आहे. बांध, सपाट केलेली जमीन, झोपडी हेही पुरावेच. उपग्रह प्रतिमाही त्याच यादीत आहे, म्हणजे अनेकांतली एक. प्रत्यक्षात मात्र प्रतिमेत शेत दिसत नाही म्हणून दावा फेटाळला, असं होतं. आमचा आक्षेप तिथे आहे.

आता प्रतिमेला दिसतं काय, ते बघा. त्या काळातल्या आपल्या उपग्रहांवरचा लिस-३ हा कॅमेरा २३.५ मीटरचा. म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण साडेपाच गुंठे. दहा गुंठ्यांचा तुकडा म्हणजे जेमतेम दोन ठिपके, आणि तेही शेजारच्या झाडीत मिसळलेले! लिस-४ ची नजर ५.८ मीटरची, खूपच बरी. पण कोणता कॅमेरा वापरला हे दावेदाराला सांगतो कोण?

नजर बरी असली तरी ऋतू आडवा येतो. उताराच्या वरकस जमिनीवर नागली, वरई, खुरासणी ही पावसाळी पिकं. पीक उभं असतं तेव्हा वर ढग. ढग हटतात तोवर कापणी उरकत आलेली असते, मग उरतं ते वाळकं गवतासारखं रान. त्यात काही वर्षं पीक घेऊन जमीन पड टाकायची, हीच इथली रीत. ती पड प्रतिमेत झुडपी जंगल दिसते. प्रतिमा खोटं बोलत नाही, हे मान्य. ती एका दिवसाचं सांगते आणि आपण तिला वीस वर्षांचं विचारतो.

हे कायद्याला कळलेलं आहे. २०१२ च्या दुरुस्तीत नियमातच लिहिलं की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक ठरेल, त्याची जागा घेणार नाही. २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानेही निव्वळ प्रतिमेवर दावे नाकारणं चुकीचं ठरवलं. तरी पडद्यावरच्या नकाशाचा दरारा म्हाताऱ्याच्या अंगठ्यापेक्षा जास्त. का? कारण यंत्राला कुणी उलटतपासणीला उभं करत नाही.

इथे जालन्याचा खटला आठवावा. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, त्यांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ नंतर आला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्याचा. पण कलम ६५ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरण कोर्टात हजर केलं नाही तर प्रमाणपत्र हवंच. मात्र ते ज्याच्या ताब्यात आहे तोच देत नसेल तर कोर्टाकडून मागवावं, आणि पक्षकाराने सगळे प्रयत्न केले असतील तर त्याला त्याची शिक्षा नको. खोतकरांची निवड रद्द ठरवणारा उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

निकाल चांगला, पण गोरंट्याल यांच्याकडे वकील होते, दिल्लीपर्यंत जायची ऐपत होती. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत आहे. एका भागावर पक्षकाराची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, शिवाय फाईलची हॅश व्हॅल्यू. मोखाड्याच्या पाड्यावरची बाई आपल्या बांधाचा व्हिडिओ घेऊन कोर्टात गेली तर हा तज्ज्ञ कुठून आणणार? वनहक्क समितीपुढची पुराव्याची चौकट वेगळी आहे, हे खरं. पण विसंगती बघा: नागरिकाच्या फोनवर एवढा संशय, आणि सरकारी प्रतिमेला साधी तारीखही विचारायची नाही.

आम्ही प्रतिमेच्या विरोधात नाही. तिच्यात बांध दिसला तर तो दावेदाराच्याच कामाचा. म्हणून नकाराचं पत्र हातात आलं की लेखी मागा: कोणता उपग्रह, कोणती तारीख, ठिपका किती मीटरचा, शेताची हद्द पडद्यावर कुणी आखली, आणि जागेवर कोण आलं होतं. नकाराची कारणं लेखी मिळणं हा हक्क आहे. अपिलाची मुदत ६० दिवसांची. तेव्हा पत्र कोणत्या दिवशी हातात पडलं, ते पाकिटावरच लिहून ठेवा.

आता प्रश्न घेऊ.