फुकट परवान्याचं बिल

कार्बनचा बाजार चालतो कसा, हे आधी थोडक्यात बघू. सरकार ठरवतं की, वीजकेंद्रांनी आणि कारखान्यांनी मिळून एकूण इतकंच उत्सर्जन करायचं. तेवढे परवाने निघतात. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. वर्षाचा हिशोब झाला की जेवढं सोडलं तेवढे परवाने जमा करायचे. कमी पडले तर विकत घ्या, उरले तर विका. युरोपीय संघाने २००५ साली ही पद्धत सुरू केली. कल्पना चांगलीच आहे. माझी टीका आहे ती परवाने वाटण्याच्या रीतीवर.

पहिल्या टप्प्यात, २००५ ते २००७, जवळजवळ सगळे परवाने कंपन्यांना फुकट दिले गेले. तुम्ही म्हणाल, मग विजेचे दर वाढायचं कारण काय? पण ते वाढले. कोळशावर एक हजार युनिट वीज केली की साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. समजा परवान्याचा भाव २० युरो आहे. वीज केली नाही, तर कंपनी तो परवाना २० युरोला विकू शकते. म्हणून वीज विकताना ती हे २० युरो भावात धरते. घरच्या झाडाचे आंबे म्हणून बाजारात कोणी फुकट देतं का? इथे तर झाडही सरकारनेच दिलेलं! जर्मनीत हा वाद इतका पेटला, की २००६ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने आरडब्ल्यूई या बड्या वीजकंपनीला यावरून नोटीस बजावली.

अर्थशास्त्री सांगतात, दर वाढायलाच हवेत, त्याशिवाय कोळसा मागे पडणार कसा? मान्य. पण वाढीव पैसा प्रदूषण करणाऱ्याच्याच खिशात का जावा? लिलाव केला असता तर तो सरकारी तिजोरीत आला असता. त्यात परवानेही गरजेपेक्षा जास्त वाटलेले. एप्रिल २००६ मध्ये प्रत्यक्ष उत्सर्जनाचे आकडे बाहेर आले आणि भाव कोसळला. २००७ संपताना तो जवळपास शून्य होता. शेवटी २०१३ पासून, काही देशांना दिलेली सवलत सोडली, तर वीजकंपन्यांना परवाने विकतच घ्यावे लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव १०० युरोपर्यंत गेला.

आता आपल्याकडे या. केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्यात एकूण उत्सर्जनाला मर्यादा नाही. एक टन सिमेंटमागे किती, एक टन ॲल्युमिनियममागे किती, असं लक्ष्य आहे. म्हणजे उत्पादन वाढलं तर एकूण उत्सर्जनही वाढू शकतं. सुरुवातीच्या उद्योगांत कोळशावरची वीजकेंद्रं धरलेली नाहीत. उद्या ती आली, तर चंद्रपूर-कोराडीच्या विजेचं काय होईल? आपल्याकडे वितरणाचे दर नियामक आयोग खर्च तपासून ठरवतो. त्यामुळे धोका युरोपपेक्षा वेगळा आहे. क्रेडिट खरेदीचा सगळा खर्च दरात घालू दिला, तर बिल ग्राहक भरेल आणि कंपनीला सुधारायची गरजच उरणार नाही.

दरवाढीवर आयोग जनसुनावणी घेतो. तिथे आपण बहुतेक युनिटचा दर विचारून परत येतो. ती वेळ आली, की एवढं जरूर विचारा: यातला किती खर्च कंपनी स्वतःच्या नफ्यातून सोसणार आहे?