ओटीपी सांगणाऱ्याची संमती

वेबरचनेवरच्या चर्चेत एक माणूस कायम गृहीत धरलेला असतो. फोन त्याचा स्वतःचा असतो, पडद्यावरचा मजकूर त्याला वाचता येतो आणि 'सहमत आहे'वर पडणारे बोटही त्याचेच असते. मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या फोपनारसारख्या गावात हा माणूस शोधावा लागतो. खसऱ्याची म्हणजे जमिनीच्या नोंदीची नक्कल, राज्य सरकारच्या समग्र आयडीची केवायसी, पोरीच्या परीक्षेचा फॉर्म ही कामे ऑनलाइन सेंटरवाल्याच्या खुर्चीतून होतात. केळीवाला शेतकरी बाजूला उभा राहून ओटीपी सांगतो. कायद्याच्या लेखी संमती त्याने दिलेली असते, पण ती कशाला दिली हे त्याने पाहिलेले नसते.

आपल्याकडचे नियम या खुर्चीपर्यंत पोचतात का, हे तपासायला हवे. नियम आहेत, आणि त्यांतले काही चांगलेही आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि फसव्या रचनेचे 13 प्रकार नावानिशी सांगितले. न विचारता गिऱ्हाइकाच्या टोपलीत वस्तू टाकणे, खोटी घाई लावणे, विमा नाकारणाऱ्याला 'मी असुरक्षित राहीन' असे म्हणायला लावून लाजवणे, हे सगळे त्यात येते. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश रचनाकाराने 2010 मध्ये या प्रकाराला नाव दिले होते. तेरा वर्षांनी का होईना, आपल्या सरकारने रचनेला निव्वळ सजावट न मानता व्यवहार मानले. पण जून 2025 मध्ये प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितले काय, तर तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. ज्याच्यावर आरोप, त्यालाच पंच नेमण्याचा हा प्रकार झाला.

फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेने असा संकोच केला नाही. कुकीज स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक, एवढ्याच मुद्द्यावर तिने गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी 2022 मध्ये तो जाहीर झाला. बटणांची नुसती संख्या हाही पुरावा ठरू शकतो, हे त्या आदेशाने दाखवले.

तरीही हे सारे नियम वाचणाऱ्या गिऱ्हाइकाचे आहेत. सापळा ओळखण्यासाठी आधी मजकूर कळावा लागतो, आणि फोपनारच्या मराठी घरांची अडचण तिथूनच सुरू होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, देशभरातल्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एक तयार चौकट दिली आहे. बुऱ्हाणपूरचे आणि शेजारच्या जळगावचे पान शेजारी उघडून बघा. एकाच घडणीची वाटतात. जळगावच्या पानावर मराठी आहे, बुऱ्हाणपूरच्या पानावर हिंदी आणि इंग्रजी. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरच्या बाजूला गेले की भाषा मिळते, अलीकडे आले की जाते, आणि तंत्राची अडचण यात कुठेच नाही. भाषांची यादी राज्याच्या सीमेवर ठरते, तिथे राहणाऱ्या माणसांवरून ठरत नाही. दोन राज्यांमध्ये आखलेली रेषा आज ब्राउझरच्या मेनूत दिसते, ती अशी.

सेवांची मुख्य खिडकी आहे एमपीऑनलाइन. राज्य सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून 2006 मध्ये ती उभी राहिली. तिने तहसीलच्या खेपा कमी केल्या, हे मान्य करायला हवे. पण सरकारी सेवेचा दर्शनी भाग कंपनीच्या भागीदारीत, आणि त्याच्यापुढे कमिशनवर चालणारा कियोस्क, अशी साखळी तयार झाली की रचनेच्या दोषाबद्दल जाब कोणाला विचारायचा? सेंटरवाला म्हणतो, साइटच तशी आहे. त्याचेही खोटे नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी, प्रज्ञा प्रसून खटल्यात, डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. प्रश्न होता ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचा आणि अंधांचा: केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगणारी रचना त्यांना दारातच अडवत होती. न्यायालयाने मात्र ग्रामीण लोक आणि भाषिक अल्पसंख्याक यांचाही विचार केला. मध्य प्रदेशातली मराठी याच वर्गात मोडते.

भाषेची ही गत, तिच्या अक्षरांकडे तर कोणी बघतच नाही. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणापेक्षा वेगळे. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवली असेल तरच ब्राउझर मराठी वळण उचलतो. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्ता'सारखा देखणा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर दिला, त्याआधी र. कृ. जोशींचा 'मंगल' विंडोजमधून घरोघरी गेला. मराठी माणसांनी अक्षरे घडवली. ती पोचली मात्र मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांच्या दारातून. (फुकट मिळते म्हणून त्या दाराची मालकी विसरायची नसते.)

फोपनारचे नाव नेटवर शोधले तर 1964 मध्ये इथे सापडलेल्या कांस्य बुद्धमूर्तींची माहिती पुढे येते; त्या आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. संशोधकाला गाव सापडते. गावकऱ्याला त्याच नेटवर आपला खसरा आपल्या भाषेत मिळत नाही.

आता नवी आशा आहे ती डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 याची. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय त्यात आहे. म्हणजे राज्याच्या संकेतस्थळाने जे दिले नाही ते केंद्राच्या कायद्याने देऊ केले. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील. पण ही मराठी सूचना उघडणार सेंटरवाल्याच्या पडद्यावर, मागे रांग उभी असताना. ती छापून हातात द्यावी, अशी सक्ती हवी होती. प्रिंटर तिथे असतोच. संमती दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे, असेही कायदा म्हणतो. फोपनारमध्ये त्यासाठी पुन्हा सेंटर गाठावे लागेल, आणि आणखी एक ओटीपी सांगावा लागेल.