त्वचेच्या कर्करोगात औषधाचे भाकीत : कोणाच्या त्वचेवरून?

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर लक्ष्यवेधी औषध कोणाला लागू पडेल हे जनुकतपासणीवरून आधीच सांगता येते, असे विधान आता सर्रास केले जाते. विधान खोटे नाही, अपुरे आहे.

२००२ मध्ये मेलानोमाच्या अनेक गाठींत बीआरएएफ या जनुकात एक ठरावीक बदल असतो, असे दिसून आले. प्रथिनातील ६००व्या जागी व्हॅलिनऐवजी ग्लुटामिक आम्ल येते आणि पेशीला वाढीचा आदेश अखंड मिळत राहतो. तो आदेश रोखणारे वेमुराफेनिब २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्यामागील चाचणीत ६७५ रुग्ण होते. नव्या औषधाने ४८ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, जुन्या डॅकार्बाझिनने केवळ ५ टक्के रुग्णांच्या. यश मोठेच होते. तथापि हे सर्व रुग्ण जनुकातील बदल आढळल्यावरच निवडलेले होते. म्हणजे अचूक निवड करूनही निम्म्याहून अधिक जणांत असा प्रतिसाद आला नाही. शिवाय ते जवळजवळ सर्व गोरे होते.

ही दुसरी बाब आपल्याकडे अधिक महत्त्वाची ठरते. गोऱ्या लोकांत मेलानोमा बहुधा उन्हाचा मारा झालेल्या त्वचेवर होतो आणि सुमारे निम्म्या गाठींत बीआरएएफचा बदल सापडतो. भारतात हा रोग मुळात विरळ; जो आढळतो त्यात तळपाय, तळहात आणि नखाखालच्या गाठींचा वाटा मोठा. अशा गाठींत हा बदल बराच कमी, साधारण पाचातील एकीच्या आसपास असतो. काहींत केआयटी या दुसऱ्याच जनुकात दोष असतो आणि त्यावरचे औषधही निराळे. गोकुळ रोडच्या बसस्थानकावर उतरून नवनगरच्या कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूटकडे जाणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या तळपायावर काळा डाग असेल (असा डाग काटा रुतल्याची खूण समजून सहज दुर्लक्षिला जातो), तर ते ४८ टक्के त्याला आधीच लावून चालणार नाही. प्रथम गाठीची जनुकतपासणी हवी.

संगणकाने भाकीत करण्याचे प्रयत्न याच्या पुढचे. २०१२ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात दोन मोठे संग्रह एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांत प्रयोगशाळेत वाढवलेल्या शेकडो कर्कपेशींवर औषधे टाकून पेशींचे जनुक व औषधाचा परिणाम यांची सांगड घातली होती. पुढल्याच वर्षी बेंजामिन हेबे-केन्स व सहकाऱ्यांनी दोन्हींतील ४७१ समान पेशीवाण आणि १५ समान औषधे ताडून पाहिली. जनुकांची मापे जुळली. औषधांच्या परिणामाची मापे फारशी जुळली नाहीत. मूळ संशोधकांनी २०१५ मध्ये, निराळ्या रीतीने मोजल्यास मेळ समाधानकारक आहे, असे उत्तर दिले. वाद पुरता मिटला नाही, आणि मिटूही नये. मोजमाप डळमळीत असेल तर त्यावर शिकलेला संगणक कितीही हुशार असो, त्याचे भाकीत त्याहून पक्के कसे होणार?

प्रतिसाद किती टिकेल हा प्रश्न तर निराळाच आहे, आणि अनेक लेखांत तो पहिल्या प्रश्नात मिसळला जातो. डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब ही जोडी घेतलेल्या ५६३ रुग्णांचा पाच वर्षांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण ३४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. यातील भेद दाखवून दिला तो रक्तातील एलडीएच या विकराच्या साध्या तपासणीने : प्रमाण सामान्य असलेल्यांत ४३ टक्के, वाढलेल्यांत १६ टक्के. ही तपासणी स्वस्त असून नेहमीच्या रक्ततपासणी केंद्रांत होते, तरीही संगणकी प्रारूपांच्या कौतुकात ती मागे पडते. अर्थात हे आकडेही बहुतांश गोऱ्या रुग्णांचेच आहेत. तळपायाच्या मेलानोमात ते कितपत खरे ठरतात, हे येथील रुग्णालयांच्या नोंदींवरूनच ताडून पाहता येईल.