बोटभर मोकळी जागा

होटगी रस्त्यालगतच्या एका गॅरेजच्या दारात ती उभी होती आणि आत जाताना माझं तिच्याकडे लक्षच गेलं नाही. पांढरी प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात तिला अजूनही फियाटच म्हणतात. तिच्या मुंबईतल्या बहिणींच्या पत्र्याची खाऱ्या हवेनं चाळण केली, आणि त्यांतल्या उरल्यासुरल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या. ही मात्र इथल्या कोरड्या उन्हात रंग विटून का होईना, धडधाकट राहिली होती. बाहेर पडताना ती मागून दिसली आणि पाय थबकले. मागचे टायर रुंद होते, मूळच्यापेक्षा चांगलेच रुंद. तरी कुणी नंतर काही चढवलंय असं वाटत नव्हतं.

मागे रुंद टायर घालणाऱ्यांची सोलापुरात वाण नाही. संध्याकाळी सात रस्ता चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की एखादी तरी गाडी दिसतेच, मडगार्डच्या बाहेर चार बोटं आलेल्या चाकांची. यांतल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. इंजिनाची ताकद पुढे, मागची चाकं नुसती ओढली जाणार. तिथे फक्त मागचे टायर रुंद करणं म्हणजे बैल सोडून गाडीच्या साट्याला घुंगरं बांधणं. वर मागची पकड पुढच्यापेक्षा वाढली की वळणावर गाडीचं नाक बाहेर जायला बघतं, ते वेगळंच. फियाटची गोष्ट निराळी. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, पण तिथून लांब शाफ्ट मागे जातो आणि गाडी मागची चाकं ढकलतात. चाळीसेक अश्वशक्तीला एवढा टायर लागतो का? लागत नाही. पण निदान काम जिथे आहे तिथेच दागिना घातलाय.

गाडीच्या टायरचं मूळ माप ५.२०-१४. म्हणजे १४ इंची रिमवर सव्वापाच इंचांहूनही किंचित अरुंद, साधारण १३२ मिलिमीटरचा टायर. इथे मागे होता १७५/६५ आर १४. फरक ४३ मिलिमीटरचा. चाकाची मधली रेघ होती तिथेच ठेवली तर त्यातले साडेएकवीस बाहेर आणि साडेएकवीस आत. बाहेरचे सगळ्यांना दिसतात. आतले कुणी मोजत नाही, आणि टायर बहुधा आतच घासतो.

मला हे ठाऊक असण्याचं कारण जुनं आहे. माझ्या पहिल्या गाडीला एका दुकानात असेच टायर घातले होते. “बसतंय की साहेब” म्हणाले, आणि बसलेही. दोघं फिरलो तोवर आवाज नाही. मग घरची पाच माणसं आणि डिक्कीभर सामान घेऊन तुळजापूरला निघालो. घाटाच्या वळणावर मागून खर्रर्र, मग जळक्या रबराचा वास. परत येऊन चाक काढलं तर टायरच्या आतल्या बाजूला करवतीनं आखावी तशी रेघ. रिकाम्या गाडीवर टायर बसवणं म्हणजे शिंप्यानं उभ्या माणसाच्या मापाची विजार शिवण्यासारखं आहे. मांडी घालून बसल्यावर काय होतं ते कळायला जेवणाची पंगत लागते.

म्हणून मी त्या फियाटच्या मागे उकिडवा बसलो आणि आत डोकावलो. मिस्त्री आतून बघत होता. काही बोलला नाही, बॅटरी आणून दिली.

इथून खरी मजा सुरू होते. मागचा एक्सल एकसंध आहे, दोन चाकांमधला अखंड दांडा, आणि तो पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, टेकलेला. एक चाक उंचवट्यावर चढलं की दांडा तिरका होतो आणि त्या चाकाचा माथा आत झुकतो. गाडी सपाट उभी असताना माथ्याजवळ दिसणारी फट त्या क्षणी दिसते तेवढी उरत नाही. दुसरं असं की पाटा दबला की सपाट होतो, सपाट झाला की लांबतो. त्याच्या पुढच्या टोकाचा डोळा पक्का, मागचा शॅकलच्या कडीवर झुलता. त्यामुळे लांबी मागेच सरकते आणि तिच्याबरोबर एक्सलही. म्हणजे भरल्या गाडीत चाक नुसतं वर जात नाही, किंचित मागेही जातं. आणि वळणावर टायर रिमवरच काही मिलिमीटर एका अंगाला कलतो. या तिन्ही हालचाली एकाच वेळी घडतात. तुळजापूरच्या घाटात त्या तशाच घडल्या होत्या.

बॅटरीच्या उजेडात पाटा आणि टायर यांच्यामध्ये माझं बोट गेलं. अंगठा गेला नसता. पाट्याला बांधणाऱ्या यू-बोल्टच्या टोकाशीही तेवढंच. आत इतकं नेमकं राखायचं तर बाहेर काहीतरी सोडावं लागतं, कारण रिम बाहेर काढली की मडगार्डची कड आली. ही देवाणघेवाण ज्या आकड्यात मांडतात त्याला ऑफसेट म्हणतात: रिमच्या मधल्या रेघेपासून हबला टेकणारी बाजू किती अंतरावर आहे ते. ऑफसेट पाच मिलिमीटरनं कमी केला की चाक पाच मिलिमीटर बाहेर येतं आणि आत तेवढीच जागा होते. पातळ स्पेसर घालूनही हेच साधतं, पण बोल्टची पकड तेवढी घटते आणि मला ते आवडत नाही. या मिस्त्रीनं स्पेसर घातलेला नव्हता. योग्य ऑफसेटची पाच इंची रिम शोधली होती. १७५ रुंदीच्या टायरला पाचपासून सहा इंचांपर्यंतची रिम चालते. त्यानं खालचं टोक धरलं, कारण रिम अर्धा इंच रुंद केली की टायरही पाचेक मिलिमीटर फुगतो.

मालकाला १८५ हवा होता. हे मिस्त्रीनंच सांगितलं. “जागा बघून टायर घ्यायचा. लोक टायर घेऊन जागा शोधलालेत,” म्हणाला. १८५/६० ची उंची ५७८ मिलिमीटर, १७५/६५ ची ५८३. उंचीत फरक नगण्य. अडचण रुंदीचीच होती, दहा मिलिमीटरची, बाजूला पाच-पाच. माझं ते बोट मग आत गेलं नसतं. शिवाय टायरवरचा आकडा हा काही कायद्याचा शब्द नव्हे. १७५ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या टायरांत एकाचे खांदे गोल, दुसऱ्याचे चौकोनी. गोल खांद्याचा जिथून निसटतो तिथे चौकोनी अडकतो. त्यानं गोल खांद्याचा निवडला होता.

आता कड. मडगार्डची आतली कड लोक हातोडीनं ठोकून वर दुमडतात, रंगाला तडे जातात, आणि पहिल्या पावसात तिथून गंज धरतो. इथे कड दुमडली होती, पण रंग अखंड होता. आधी पत्रा गरम केला, मग रोलर फिरवत सावकाश दाबला, शेवटी आतल्या सांध्यात सीलंट भरलं. त्याहून मला भावली ती वेगळीच गोष्ट. डावी कड उजवीपेक्षा जास्त दुमडलेली होती. विचारलं तर म्हणाला, गाडी सरळ नसतेच. एवढ्या वर्षांची बॉडी, एक्सल एका बाजूला सहा मिलिमीटर सरकलेला. दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या. दोन्हीकडे सारखंच दुमडलं असतं तर काम नीटनेटकं दिसलं असतं आणि चुकीचं झालं असतं.

मोजलं कशानं? कणकेनं. कमानीच्या आत कणकेच्या गोळ्या चिकटवायच्या, एक चाक ठोकळ्यावर चढवायचं, मागे चार माणसं बसवायची आणि उतरल्यावर गोळ्या किती चेपल्या ते बघायचं. ज्वारीचं पीठ चिकटत नाही म्हणे. सोलापुरात भाकरी सोडून गहू आणायचं हे एक सबळ कारण.

पुढचे टायर जुन्याच मापाचे, नायलॉनचे. इथे विणकरांच्या गावाला समजावं असं एक अंग आहे. जुन्या टायरात दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात, रेडियलमध्ये दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत थेट आडवे. वीण वेगळी, म्हणून पकडही वेगळी. दोन्ही जाती एकाच गाडीला घालायच्याच असतील तर रेडियल मागे हवेत. उलट केलं तर वळणावर गाडीची शेपटी सुटते. पुढे अरुंद ठेवल्यानं स्टेअरिंगही हलकं राहिलं, आणि पॉवर नसलेल्या त्या मोठ्या चक्राशी झटापट केलेल्यांना त्याची किंमत सांगायला नको.

दोष नाही असं नाही. स्टेपनी जुन्याच मापाची आहे. मागचा टायर पंक्चर झाला तर दोन बाजूंना दोन मापं होतील, आणि पंक्चरवाल्यापर्यंत डिफरन्शियलचे हाल करत रांगावं लागेल. पुढचं चाक मागे आणि स्टेपनी पुढे, असला खेळही इथे कामाचा नाही. आणि रिमच्या कडेला लावलेली ती चकचकीत पट्टी मला अजिबात नको होती. एवढं संयमानं लपवलेलं काम, त्यावर टाळ्या मागायला उभी केलेली.

डिक्कीवरचं प्रीमियर हे नाव वाचताना आठवलं, वालचंद हिराचंद याच गावचे. १८८२ साली सोलापुरात जन्मले, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९५३ मध्ये गेले. १९६४ ची फियाट डिलाइट त्यांनी पाहिली नाही, तिला पुढे मिळालेलं पद्मिनी हे नावही ऐकलं नाही. सोलापूरची एमएच-१३ ची पाटी लावून ही पद्मिनी इथे उभी आहे. आरटीओच्या नजरेलाही ती सहसा खुपणार नाही, कारण टायर मडगार्डच्या आतच आहे. मोटार वाहन कायद्यातलं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आठवायची वेळ बाहेर आलेल्या चाकांवर आधी येते.

आठवड्यानं पुन्हा त्या बाजूला गेलो तेव्हा गाडी नुकतीच अक्कलकोटहून आली होती. सहा माणसं, दोन पोरं, डिक्कीत प्रसादाच्या पिशव्या. निघताना मिस्त्रीनं टायरच्या खांद्यावर आणि आतल्या अंगाला खडूनं गोल रेघ ओढून दिली होती. तो मागे वाकला, चाक हातानं पुढे ढकलत रेघ पूर्ण फिरवून बघितली. उजवी अखंड. डावीवर एका जागी, नखाएवढी, पुसट झाली होती.

“आवाज येलालाय का?” त्यानं मालकाला विचारलं.

“नाही.”

तो तरीही रोलर घेऊन आला.