‘मरणासन्न इनायत खान’ : एका रेखाटनाचे वाचन

या टिपणासाठी एकच चित्र घेतले आहे. 1618 च्या सुमाराचे, कागदावर शाई आणि हलका वॉश. ते आज बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. पुढे वाचण्याआधी त्याची प्रतिमा उघडून ठेवा. पडद्यावर ती फसवी मोठी दिसते; मूळ रेखाटन हाताच्या पंजाएवढेच आहे.

प्रसंग जहांगीर बादशहाने स्वतः आपल्या आत्मवृत्तात नोंदवला आहे. इनायत खान हा त्याचा दरबारी, अफू आणि दारूने पोखरलेला. आग्र्याला जाण्याची परवानगी मागायला त्याला पालखीतून आणले. त्याची दशा पाहून बादशहा थक्क झाला आणि चित्रकारांना त्याची तसबीर काढायचा हुकूम दिला. मग पैसे देऊन निरोप दिला. दुसऱ्या दिवशी खान गेला.

आता रेषेकडे पाहा. अंगरखा उघडा आहे, बरगड्या मोजता येतात, हात काटक्यांसारखे. शेजारी लोड मात्र गच्च भरलेले. माणसाला आधार द्यायला आणलेल्या वस्तूच माणसापेक्षा धडधाकट! बाह्यरेषा सर्वत्र एकाच जाडीची हवी, असे आरेखनाच्या तासाला मी मुलांना बजावतो. इथे ती हाडापाशी टोकदार होते, कापडावर सैलावते, आणि वॉश इतका जपून दिला आहे की त्वचेचे काम कोऱ्या कागदावरच सोपवले आहे.

याच विषयाचे पूर्ण रंगवलेले चित्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्याची कीर्ती जास्त. मला ते कमी भिडते. त्यात भिंत आहे, कोनाडे आहेत, बाटल्या आहेत. म्हणजे खान एका खोलीतला रुग्ण होतो. रेखाटनात त्याच्याभोवती जवळजवळ काहीच नाही, आणि त्या रिकामेपणाने पाहणाऱ्याला दुसरीकडे नजर वळवायला जागा ठेवलेली नाही.

या चित्राची स्तुती बहुधा ‘वैद्यकीय अचूकता’ म्हणून होते. मला हे अपुरे वाटते. जहांगीराने 1612 मध्ये टर्की पक्षी आणि 1621 मध्ये झेब्राही असेच काढून घेतले होते. विलक्षण दिसले की कागदावर उतरवा, ही त्याची रीत. खानाबाबतचा हुकूमही त्याच जातीचा. ज्याला धड बसवत नव्हते, तो नकार कसा देणार? बादशहाच्या कुतूहलात करुणा शोधणाऱ्या लेखकांशी म्हणूनच माझे जमत नाही. करुणा असलीच तर ती चित्रकाराच्या हातात आहे, आणि तीही एकाच ठिकाणी.

ती कुठे, ते स्वतः तपासा. बोटाने खानाचा चेहरा झाका. उरते ते शरीररचनेचे पान. आता बोट काढा. डोळे उघडे आहेत आणि ते ना बादशहाकडे पाहतात, ना चित्रकाराकडे.